काजूच्या कारखान्यातला प्रथमोपचार: पेटी कुठे, माणूस कोण आणि गाडी कोणती

वेंगुर्ले तालुक्यात काजूप्रक्रियेचा कारखाना चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्याकडे 38 बायका आणि 7 पुरुष कामाला आहेत. बॉयलर आणि कटिंग, सोलणी, ग्रेडिंग अशा तीन शेड एकाच आवारात आहेत. ऑफिसात एक प्रथमोपचार पेटी आहे. कायद्याने एवढं पुरतं का? पेटीत नेमकं काय ठेवू, गोळ्या ठेवू का, आणि शिकवायचं कुणाला?"

ताई, आधी कायद्याचं सांगून मोकळी होते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 45 प्रमाणे दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी लागायची. कामाच्या सगळ्या वेळात ती हाताशी हवी, तिच्यात ठरवून दिलेल्या सामानाखेरीज काही नको, आणि ती प्रथमोपचाराचं मान्य प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात हवी, असा त्याचा नियम होता. 500 च्या वर कामगार असतील तर उपचारासाठी वेगळी खोली लागायची. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची 2020 ची संहिता लागू झाली आहे, आणि तिच्यातही पेटीची आणि 500 च्या वर खोलीची तरतूद आहे. म्हणजे जुन्या कायद्याच्या आकड्याने बघितलं तर तुमच्या 45 माणसांना एक पेटी पुरते. सामानाची अधिकृत यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून मागवून घ्या आणि त्यातलं काही कमी करू नका. मी खाली जे जादा सांगणार आहे ते पेटीत कोंबू नका, शेजारी वेगळ्या डब्यात ठेवा.

पण तुमचा प्रश्न वाचताना मी 'ऑफिसात' या शब्दावर थांबले. कारखान्यांत परिचारिका म्हणून वीसहून जास्त वर्षं काढली, आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या छोट्या युनिटांना शिकवत फिरते. बहुतेक ठिकाणी पेटी ऑफिसातच असते, कारण ती तपासणीला येणाऱ्या साहेबांना दिसायला हवी. मालवणकडच्या एका कारखान्यात मी मे महिन्यात शिकवायला गेले होते. पोचले तेव्हा स्टीम कुकरचं झाकण उघडताना एका बाईचा हात कोपरापर्यंत वाफेने भाजून पाऊण तास झाला होता. ती बाहेर पायरीवर बसली होती. हाताला कुणीतरी टूथपेस्ट फासली होती, ती वाळून तिला भेगा पडल्या होत्या, आणि भेगांतून लालभडक कातडी दिसत होती. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. पेटी ऑफिसात कुलपात होती, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर कुडाळला बँकेत गेलेला. ती बसली होती तिथून पाच पावलांवर पाण्याचा नळ होता आणि त्याला धो धो पाणी होतं. त्या पाऊण तासात तिला पेटीतल्या कुठल्याच वस्तूची गरज नव्हती. त्या नळाखाली वीस मिनिटं हात धरायला सांगणारं एक माणूस हवं होतं. तेवढं झालं असतं तर तिचा दाह आणि पुढची जखम दोन्ही कमी झाली असती. ते टूथपेस्टचे पापुद्रे इस्पितळात खरवडून काढताना तिने जो आवाज काढला तो माझ्या कानातून जात नाही.

म्हणून तुमच्या आवारात तीन पेट्या ठेवा, प्रत्येक शेडमध्ये एक. दाराजवळ, खांद्याच्या उंचीला, कुलूप न लावता. सामान चोरीला जाईल ही भीती सगळेच मालक बोलून दाखवतात. महिन्याला चार बँडेजं कमी झाली तर ती बहुधा कुणाच्या तरी बोटालाच लागलेली असतात. पेटीवर हिरव्या रंगात पांढरी फुली असू द्या. लाल फुली हे रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने ते परवानगीशिवाय वापरता येत नाही.

सामान ठरवताना दुकानातली तयार पेटी उचलून आणू नका. आपल्या कारखान्यात माणसांना काय काय होतं ते आधी लिहून काढा. काजूच्या कामात माझ्या अनुभवाने चार गोष्टी सारख्या होतात: टरफलाच्या तेलाने कातडी जळते, ते तेल डोळ्यात उडतं, कटरच्या पात्याने बोट कापतं, आणि वाफ किंवा ड्रायरचे ट्रे यांनी भाजतं. उरलेलं क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं.

काजूचं झाड बिब्ब्याच्याच कुळातलं. टरफलातलं तेल कातडीला बिब्ब्यासारखंच उततं, हे तुमच्या बायकांना सांगावं लागणार नाही, त्यांच्या बोटांकडे बघितलं तरी कळतं. हे तेल नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी फडक्यावर खोबरेल घेऊन पुसून काढायचं, मग साबण आणि भरपूर पाणी. राख चोळायची जुनी सवय असते, ती मोडा, कारण सोललेल्या कातडीवर राख घासली की जखम होते. प्रत्येक कटिंग टेबलाशी खोबरेलाची बाटली, सुती फडकी आणि जवळ साबण, एवढी सोय डॉक्टरांच्या निम्म्या फेऱ्या वाचवते. कामाआधी एरंडेल लावायची पद्धत चांगली आहे, पण हातमोज्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

डोळ्याचं मात्र वेगळं. कटर दाबताना चीक उडतो आणि बाई ओरडते, "डोळ्यात चीक गेलो!" मग शेजारीण पदराने पुसायला धावते. तिला थांबवायला शिकवा. पदराला तेलच असतं आणि घासल्याने बुबुळाला चरे पडतात. डोळ्यात तेल, तूप, दूध, काही घालायचं नाही. फक्त स्वच्छ पाणी किंवा सलाईन, सलग वीस मिनिटं, घड्याळ लावून. ज्या डोळ्यात गेलं तो खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करायचं आणि पाणी नाकाच्या बाजूने कानाकडे वाहू द्यायचं, म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. पापण्या दुसऱ्या कुणीतरी दोन बोटांनी उघड्या धरायच्या, कारण ज्याच्या डोळ्यात आग होते त्याला डोळा उघडताच येत नाही. कटिंग शेडमध्ये 500 मिलिलिटरच्या नॉर्मल सलाईनच्या निदान चार बाटल्या ठेवा. नळाला पाणी असतंच असं मे महिन्यात म्हणता येत नाही, आणि एवढ्या बाटल्या वीस मिनिटांना कशाबशा पुरतात, म्हणून झाकणाचा स्वच्छ पाण्याचा पिंपही भरलेला असू द्या. धुऊन झालं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बरं वाटतंय म्हणाली तरी न्यायचं.

बोट कापलं की स्वच्छ जाड गॉझ ठेवून दाबायचं, हात वर धरायचा आणि दहा मिनिटं उघडून बघायचं नाही. हे 'उघडून बघणं' आवरत नाही कुणालाच. दर मिनिटाला बघितलं की धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. गॉझ भिजलं तर त्यावर दुसरं ठेवायचं, पहिलं उपसायचं नाही. हळद भरू नका. तुमच्या-माझ्या आजीने भरली आणि बरं झालं, खरं आहे, पण खोल जखमेतली हळद डॉक्टरांना घासून काढावी लागते आणि जखमेची कड दिसत नाही. पात्याने बोटाचं टोक तुटून पडलंच तर ते स्वच्छ ओल्या गॉझमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फावर थेट ठेवलं तर मांस गोठून मरतं आणि जोडता येत नाही. बर्फ कुठून आणायचा हे आजच ठरवा. वेंगुर्ल्यात मासळीवाल्यांकडे मिळतोच, फक्त कुणाला फोन करायचा ते पेटीच्या झाकणावर लिहिलेलं असावं.

आणखी एक, तुमच्या धंद्यासाठी खास. तेलकट बोटाला चिकटपट्टी धरत नाही, आणि साधी पट्टी गरांत पडली तर दिसत नाही. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांसाठी निळ्या रंगाच्या पट्ट्या मिळतात, त्याच घ्या. वर रबराची बोटटोपी चढवा. पांढऱ्या गरांत निळं लगेच डोळ्यात भरतं.

तर प्रत्येक पेटीशेजारच्या डब्यात मी हे ठेवते: निर्जंतुक गॉझची लहान-मोठी वीस पाकिटं, रोलर बँडेज दहा, त्रिकोणी पट्ट्या चार, निळ्या पट्ट्यांचा डबा, बोटटोप्या, भाजल्यावर झाकायला स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची गुंडाळी, रबरी हातमोज्यांच्या दहा जोड्या, गोल टोकाची स्टीलची कात्री, चिमटा, विजेरी, ओआरएसची दहा पाकिटं, साखरेचा छोटा डबा, वही आणि दोरीने बांधलेलं पेन. पेन बांधलं नाही तर ते तिथे राहत नाही.

किनाऱ्यावर सामान लवकर खराब होतं, याचा हिशेब शहरातल्या याद्यांत नसतो. खाऱ्या हवेने कात्री सहा महिन्यांत तांबते, पावसाळ्यात चिकटपट्टीचा डिंक सुटतो, कागदी पाकीट दमट झालं की आतलं गॉझ निर्जंतुक राहिलं असं धरता येत नाही. म्हणून सगळं झिपच्या पिशव्यांत, आत सिलिका जेलची पुडी, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकीने उघडून तारखा बघायच्या, झाकणाच्या आतल्या कागदावर सही करायची. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी.

गोळ्यांचं विचारलंत. ठेवू नका. डोकेदुखीची गोळी देणं हा प्रथमोपचार नाही, आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण गरोदर आहे, कोण रक्त पातळ करणारं औषध घेतंय हे तुम्हाला माहीत नसतं. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे चाललं, तर माणसाला टेकून बसवा, चालवू नका, 108 ला फोन लावा आणि ॲस्पिरिन द्यायची का ते त्यांच्या डॉक्टरला फोनवरच विचारा. ॲस्पिरिनची पट्टी मी मालकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगते, पेटीत नाही.

ज्याला कारखान्यात 'चक्कर' म्हणतात त्याबद्दल थोडं. एप्रिल-मेमध्ये ड्रायरजवळ उकाडा आणि दमट हवा, घाम सुकतच नाही. त्यात सोमवार, संकष्टी, नाहीतर सकाळी घाईत चहावर निघालेली बाई. "माका गरगरता," म्हणाली की आडवी करा, पाय उशीभर उंच करा, पुरती शुद्धीवर असेल तर साखरपाणी किंवा ओआरएस द्या. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. पेल्यात अर्धं पाकीट ओतू नका, त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवून ठेवायचं. अंग तापलेलं आहे आणि बोलणं असंबद्ध आहे तर तो उष्माघात. ओल्या चादरी, पंखा, बगलेत आणि जांघेत थंड पाण्याच्या पट्ट्या हे लगेच सुरू करून मग गाडी. फिट आली तर कांदा, चप्पल, हातात किल्ली यातलं काही नको. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, झटके थांबले की कुशीवर. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर 108.

आता साप. तुमच्या आवाराला चिऱ्यांचा गडगा असेल, टरफलांचा ढीग असेल, बॉयलरची लाकडं असतील, म्हणजे फुरशाला हव्या त्या सगळ्या जागा आहेत. फुरसं हातभर लांबीचं, त्यामुळे लोक त्याला हलकं घेतात. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, आणि हे कधी तासांनी तर कधी दुसऱ्या दिवशी दिसतं. मण्यार रात्री चावते, दुखतही नाही, खूणही शोधावी लागते, आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. म्हणून चावल्याचा संशय असला तरी इस्पितळ. करायचं एवढंच: माणसाला बसवा किंवा झोपवा, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय फळी आणि त्रिकोणी पट्टीने मोडलेल्या हाडाला बांधतात तसा सैलसर बांधून स्थिर ठेवा. पायाला चावलं तर जोडवी आणि पैंजण लगेच काढा, हाताला चावलं तर अंगठी आणि बांगड्या. सूज चढली की मग त्या निघत नाहीत आणि बोट काळं पडायची वेळ येते. बांगड्या वाढवायला बायका बिचकतात, म्हणून साबणाचं पाणी लावून सरकवून काढायला शिकवा. भाजलेल्या हातालाही हेच. दोरी आवळायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, चोखायचं नाही. आवळलेल्या दोरीने अख्खा पाय गमावलेला तरुण मी बघितला आहे. गावात मंत्र घालणारं कुणी असेल, त्याचा मान ठेवा, पण आधी इस्पितळ. चावणारे पुष्कळ साप बिनविषारी असतात, मंत्राने बऱ्या झालेल्या माणसांना तेच चावलेले असतात.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. ती पेटीत ठेवायची गोष्ट नव्हे. तिची रिॲक्शन येऊ शकते, ती इस्पितळातच द्यावी लागते. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे समक्ष विचारून या. पावसाच्या तोंडाला पुन्हा विचारा. लाल विंचवाचंही तेच. एके काळी कोकणात त्याने मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते औषध वेळेत मिळायला माणूस वेळेत पोचायला हवा. विंचू चावून घाम, उलट्या आणि हातपाय गार ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही.

पोचण्याचं मी वेगळं सांगते, कारण कोकणात प्रथमोपचार मुंबईपेक्षा लांब चालतो. तिथे रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं सांभाळायची असतात. इथे पाणंदीतून डांबरी रस्ता, तिथून तालुका, तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय, आणि डोक्याला मार असेल तर पुढे गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ किंवा घाट चढून कोल्हापूर. पावसात आंबोली घाटात दरड आली की कोल्हापूरचा विचार सोडायचा. एखाद्या कामाच्या दिवशी खरोखर गाडी काढून वेळ मोजा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. कोणती गाडी, कुणाची, चालक कोण, तो नसेल तर दुसरा कोण, हे कागदावर हवं. 108 ला सांगायचा पत्ता एका ओळीत लिहून प्रत्येक पेटीवर चिकटवा: गाव, वाडी, कुठल्या देवळाकडून आत वळायचं. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वाडीचं नावही सुचत नाही. आवारात रेंज कुठे येते ती जागा रंगाने दाखवून ठेवा. तौक्ते वादळानंतर, मे 2021 मध्ये, कितीतरी गावांत वीज आणि फोन दिवसेंदिवस बंद होते. अशा वेळी मोटारसायकलवरून निरोप घेऊन कोण जाणार, तेही ठरलेलं असू द्या.

विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. तो कुठे आहे हे 45 च्या 45 जणांना माहीत हवं. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, 30 दाबांनंतर दोन श्वास. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर गुडघे टेकून, घाम येईपर्यंत करावं लागतं.

शिकवायचं कुणाला? मॅनेजरला नको, तो बाहेर असतो. कटिंगची मुकादमीण, जी सकाळी पहिली येते आणि शेवटची जाते, ती पहिली. दुसरी सोलणीतली, तिसरा बॉयलरवरचा. प्रत्येकाला एक बदली, कारण लावणीच्या दिवसांत अर्ध्या बायका शेतात असतात. निवडताना शिक्षण बघू नका. मागच्या वेळी कुणाचं बोट कापलं तेव्हा कोण पुढे धावली आणि कोण मागे सरकली, ते आठवा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा किंवा रेड क्रॉसचा प्रमाणपत्राचा वर्ग करवून घ्या, त्या दिवसाची मजुरी द्या, आणि पुढे दर महिन्याला थोडा भत्ताही. अंगावर जबाबदारी घेतलेल्या बाईला तो मिळायलाच हवा.

वहीत प्रत्येक लहान कापणीचीही नोंद करा: तारीख, टेबल, कशाने, काय केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं. कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवावा लागतो, तेव्हाही ही वहीच कामी येते. एका कारखान्यात तीन महिन्यांची वही चाळली तर चार कापण्या एकाच टेबलाच्या निघाल्या. पायाच्या पेडलची स्प्रिंग सैल होती, पातं अर्धवट वर राहत होतं. स्प्रिंग बदलली, त्या टेबलावरच्या कापण्या थांबल्या.

सगळं लावून झालं की एक दिवस न सांगता कटिंग शेडच्या मधोमध उभ्या राहा आणि म्हणा, "हिच्या डोळ्यात चीक गेला." घड्याळ बघा. पहिलं पाणी डोळ्यावर पडायला किती वेळ लागला तो वहीत लिहा. मी केलेल्या पहिल्या तालमींत बहुतेक वेळा तीन-चार मिनिटं लागली, महिन्याभरात ती वीस सेकंदांवर आली. तुमच्याकडे पावसाआधी दोन तालमी होतील एवढा वेळ अजून आहे.